जॅकखाली काय घालावं

रवि. २१ मे १९७२

विटा बाद. रात्रभर पाऊस होता. सकाळी चहा ओतून बसलो तर कप टेबलावरून आपणहून माझ्याकडे यायला लागला. बाहेर जाऊन पाहतो तर ओढ्याकडच्या मागच्या कोपऱ्यातली वीट दुभंगलेली, जॅक मातीत गेलेला, माझी ही राहती गाडी तिकडे कललेली. इथली माती वरून हिरवीगार, आत नुसता शिरा.

जन्मभर फिटरकी केली. आधी परळच्या वर्कशॉपात, मग इथं कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात. आणि एवढी मोठी गाडी विटांवर उभी केली. कुणाला सांगायची लाजच वाटली असती, पण सांगायला आहे कोण. शेतमालक बेट्स आला, वाकून पाहिलं, 'बिट वेट, इझन्ट इट' म्हणाला आणि कुत्र्याला घेऊन निघून गेला.

मंगळ. २३ मे

बायकोचं, सि.चं पत्र. जूनच्या मध्यावर येते म्हणते, महिनाभरासाठी. इस्रायलला, अश्दोदला लेकीच्या, रेचलच्या बाळंतपणाला म्हणून गेली होती. नातू आता पळायला लागला, आजी अजून तिथंच. 'तुमच्या त्या बसमध्ये मला चक्कर आली नाही तर पुढचं बघू.' एवढंच.

पुढचं म्हणजे काय ते मला कळतं. कान बिघडल्यापासून जमीन जरा तिरकी लागली की ती भिंत धरून खाली बसते. गाडी सरळ उभी राहिली तर बायको राहील. कलली तर परत जाईल. मग मी, ही तेहेतीस फुटी बस आणि बेट्सचं कुत्रं.

कारखान्याने माणसं कमी केली त्यात मी गेलो, तेव्हा घर विकून ही जुनी सहलीची बस घेतली. आत पलंग, ओटा, गॅसचा फ्रिज, सगळं माझ्या हातचं. दोघांनी मिळून स्कॉटलंडपर्यंत हिंडायचं होतं. अजून या शेताबाहेर चाक गेलेलं नाही. एकट्याने कुठं जायचं.

शुक्र. २६ मे

जाड प्लायवुडचे चौकोन, दोन-दोन एकावर एक. पाणसळ घेऊन गाडीभर फिरलो. ओट्यावर, जमिनीवर, पलंगाच्या कडेवर. बुडबुडा मधोमध.

परीक्षा शुक्रवारीच घ्यायची असं ठरवलंय. एरवी जरा कललं की मी उठून जॅकचं हँडल मारतो आणि खालचं लाकूड चांगलं आहे अशी स्वतःची समजूत घालतो. शब्बाथचा दिवा लागला की मात्र अवजाराला हात नाही, शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. आईचा नियम. कोकणात आम्हा ज्यू लोकांना शनवार तेली म्हणायचे ते उगाच नाही, शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. बाकीचे नियम ओव्हरटाइमपायी मोडले, हा एक ठेवला. पेन हे अवजार नव्हे असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. आईला विचारलं असतं तर तिने आधी पेन काढून घेतलं असतं.

दिवा नेहमीचा. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. लावायचं काम खरं बायकांचं. ती गेल्यापासून मी लावतो.

शनि. २७ मे, चांदण्यांनंतर

प्लाय नापास. सकाळी पाहिलं तर पेल्यातलं तेल एका कडेला गव्हाभर चढलेलं. दुपारी आणखी. हँडल पायरीखाली पडलेलं, मी वर बसून तेलाकडे बघतोय. दुसरं काही केलं नाही. एकटा माणूस असला की असल्या गोष्टी फार मोठ्या होतात.

आता बाहेर जाऊन पाहिलं. प्लायचे थर पाण्याने सुटून पुस्तकाच्या पानांसारखे झालेत.

मंगळ. ३० मे

भंगारवाल्याकडून लॉरीच्या टायरचे तुकडे आणले. रबर रुतत नाही, भिजत नाही, तुटत नाही. मनात म्हटलं, जमलं. मग आत चालून पाहिलं. प्रत्येक पावलाला गाडी थरथरते. मुंबईहून आलो तेव्हा सि. एडनपर्यंत बोटीत आडवीच होती. तिला परत बोटीत बसवायचं का? रबर बाद, शुक्रवारची वाटसुद्धा न बघता.

शुक्र. २ जून

ट्रंकेत सि.चे पाट सापडले. लग्नात तिच्या वडिलांनी अलिबागच्या सुताराकडून करून घेतलेले, चांगले जाड सागवानी. रुंदीला हवे तेवढेच. इतके दिवस कसं सुचलं नाही. पाटावर जेवायला बसतंय तरी कोण इथं. घातले चारही. पाणसळ उत्तम. दिवा लावला.

शनि. ३ जून

दुपारी कडाड आवाज. न बघताच कळलं. पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या असतात, पाट जमिनीपासून उचलून धरायला. पट्ट्यांमध्ये पोकळ, आणि भार नेमका मधोमध. ओढ्याकडचा पाट उभा चिरला. उलटा घातला असता तर कदाचित टिकला असता. शिकाऊ पोराने ही चूक केली असती तर मी त्याला टूलरूमच्या बाहेर काढलं असतं.

दिवसभर गाडी त्या चिरलेल्या पाटावर. मी त्या बाजूच्या खिडकीतून पाहिलंच नाही.

चांदण्या दिसल्यावर काढला. बाकीचे तीन धुऊन पुसून ट्रंकेत ठेवले. चौथा पलंगाखाली सारला. कशासाठी ठेवला कोण जाणे.

रवि. ४ जून

साठे आला. इथल्या हॉस्पिटलात भूल देतो, पुण्याचा, महिन्यातून एकदा येतो. बरोबर पोह्यांचा डबा. शर्टाला चिखल लागेल म्हणून कुरकुरला पण गाडीखाली वाकला.

'अरे, हे बेडसोअरचंच आहे. टाच टेकते तिथंच जखम. वेट स्प्रेड कर, म्हणजे झालं. आणि तू विंटर इथं काढणार? आर यू मॅड? कौन्सिलला अप्लाय कर, फ्लॅट मिळेल.'

म्हटलं, ती आली की ठरवू.

'आणि नाही राहिली तर?'

मी पोह्यांवर लिंबू पिळत राहिलो. पोहे छान होते. गाडी वळून गेली तरी मी पायरीवर उभा होतो.

बुध. ७ जून

बेट्सने कुंपणासाठी रेल्वेचे जुने स्लीपर आणलेत. एक मागितला. 'टेक टू' म्हणाला. करवतीने तुकडे पाडताना खांदे गेले. लाकडात तेल आणि डांबर मुरलेलं, पाणी शिरायचं नाव नको. यावेळी गवत खरवडून जमीन आधी सपाट केली, त्यावर स्लीपर, त्यावर जाड लोखंडी पत्रा, म्हणजे जॅकचा पाय लाकडात घुसणार नाही. हे सगळं मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. केलं नाही एवढंच.

शनि. १० जून

काल संध्याकाळपासून मुसळधार, वर वारा. तेल हललं नाही. जरासुद्धा नाही.

इतका आनंद झाला की मोठ्याने 'बघ' म्हणालो, आणि आपलाच आवाज ऐकून दचकलो.

गुरु. १५ जून

सि. आली. साठेने आपल्या मोटारीतून हीथ्रोहून आणून सोडलं. केस पुष्कळ पांढरे झालेत, रंग उन्हाने रापलेला. पायरीवर थांबली, दाराची कड धरली, आत पाऊल टाकलं. मी तिच्या हाताकडेच बघत होतो. तिने कड सोडली. ओट्यापर्यंत चालत गेली आणि परत आली.

'सरळ आहे हो,' म्हणाली.

मी तिला बाहेर नेऊन चारही कोपरे दाखवले. अंगावर कोट नव्हता, कुडकुडत होती बिचारी, पण सगळं ऐकून घेतलं.

शनि. १७ जून

काल दिवा तिने लावला. डोळ्यांवर हात घेऊन उभी राहिली, पूर्वीसारखीच. मला बाजूला उभं राहायला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. रात्री पाऊस झाला. एकदाही चक्कर नाही.

जिंकलो असं वाटतंय. उगाच बोलून दाखवलं नाही.

मंगळ. २० जून

ट्रंक आवरायला घेतली तिने. 'तीनच?' म्हणाली. पलंगाखालून चौथा काढून दाखवला, कसा चिरला तेही सांगितलं. आता भडकेल म्हणून खाली बघत उभा राहिलो. हेच पाट बोटीवर चढवू देईनात म्हणून ती त्या खलाशाशी भांडली होती.

'जाऊ द्या. लाकूड होतं,' म्हणाली आणि ट्रंक लावली.

भडकली असती तर बरं झालं असतं.

सोम. २६ जून

गारठा. जून आहे यावर विश्वास बसत नाही. सकाळी नेहमीप्रमाणे खाली जाऊन चारही जॅक तपासले, दोन आटे फिरवले, गरज नव्हती तरी. मग निचरा व्हावा म्हणून ओढ्याच्या बाजूला चर खणायला घेतला. आत आलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती, चहाचे दोन कप समोर, दोन्ही गार झालेले. 'हाक मारली होती मी,' म्हणाली. मला ऐकू आली नव्हती.

रवि. २ जुलै

आज विषय तिनेच काढला. जसं बोलली तसं लिहून ठेवतो.

'मला इथं चक्कर येत नाही. तुम्ही ते काम फार छान केलंय. खरंच.'

मी म्हटलं, मग प्रश्न मिटला.

'नाही ना मिटत. तिकडे खाली दुकानात गेले तर चारजणी मराठीत विचारतात, आज काय केलंस. रेचलचं पोरगं पदर धरून मागे मागे असतं. इथं मी हाक मारली तर ओ द्यायला कोण आहे?'

मी आहे ना, म्हटलं.

'तुम्ही गाडीच्या बुडाखाली असता. मला इथून फक्त बूट दिसतात.'

रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. सांगितल्यासारखं सांगितलं. मग म्हणाली, तुम्ही तिकडे या. ही गाडी घेऊन या हवी तर, बोटीवर चढवतात म्हणे गाड्या. रेचलच्या बिल्डिंगमागे मोकळी जागा आहे. जमीन टणक आहे, खाली काही घालावं लागणार नाही.

मी 'बघू' म्हणालो. अलिबागहून मुंबई, मुंबईहून कॉव्हेंट्री. दोनदा मुळं उपटली. आता या वयात तिसरी भाषा, उजवीकडून डावीकडे वाचायची. प्रार्थनेपुरती येते ती, पण भाजीवाल्याशी प्रार्थना करता येत नाही. हे तिला सांगितलं नाही. भीती वाटते हेही नाही.

गेली दोन वर्षं मला वाटत होतं की जमिनीचाच प्रश्न आहे.

सोम. १० जुलै

आज खाली गेलोच नाही. दिवसभर तिच्यासमोर बसलो. तिने नातवाच्या खोड्या सांगितल्या, मी ऐकल्या. दुपारी दोघे ओढ्यापर्यंत जाऊन आलो. उतारावर तिने माझा दंड धरला होता. हे आधी केलं असतं तर, असं सारखं मनात येत होतं.

गुरु. १३ जुलै

गेली. विमानतळावर विचारलं, 'रेचलला काय सांगू?'

म्हटलं, बघतोय म्हण.

'ते तुम्ही नेहमीच बघता,' म्हणाली. माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि आत गेली.

साठेने परतीच्या वाटेवर एकदाही फ्लॅटचा विषय काढला नाही. त्याच्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल.

शुक्र. १४ जुलै

सकाळी बेट्स विचारून गेला, हिवाळ्यात जागा हवी का, रविवारपर्यंत सांग, नाहीतर मेंढ्या सोडतो.

दिवसभर काही केलं नाही. संध्याकाळी एकाएकी उठलो आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यातला जॅक वर घ्यायला लागलो. ठरवून नाही. हँडल हातात आलं आणि फिरवत गेलो. जॅक सुटला, गाडी हळूच त्या बाजूला बसली. खालचा स्लीपर मात्र हलेना. मातीने असा धरून ठेवला होता की कुदळीने कडा मोकळ्या कराव्या लागल्या. निघाला तेव्हा खाली पिवळं पडलेलं गवत, त्यात गांडुळं. तो उभा करून ठेवला आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे वळलो तर ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलेलं. दिव्याची वेळ.

हँडल ठेवून दिलं. हात धुऊन दिवा लावला. बेट्स कुंपणापलीकडून विचारत होता, 'ऑफ समव्हेअर, आर यू?' मी हात हलवला. त्याचा त्याने हवा तो अर्थ घ्यावा.

जायचं ठरवलं असतं तर दुपारीच लागलो असतो, चारही निघाले असते. राहायचं असतं तर एकालाही हात लावला नसता. आता उद्या चांदण्या दिसेपर्यंत गाडी अशीच, तीन कोपरे वर आणि एक खाली. पलंगावर बसून लिहितोय तर सारखा सि.च्या बाजूला घसरतोय. उशी तिकडेच टाकली आहे.