कपाळावरचा ओला रुमाल

अण्णा, तुमचा मायक्रोमीटर अजून माझ्याकडे आहे. मी नोकरीला लागलो त्या दिवशी तुम्ही तो लाकडी पेटीसकट माझ्या हातात दिलात आणि आठवड्याच्या आत त्याच्यावरूनच मला झाडलंत. लेथवर माझा शाफ्ट मापापेक्षा बारीक झाला होता. पोलाद तापलं की फुगतं, एवढी अक्कल मला आली होती, म्हणून मी तो गरम असतानाच मोजून पास करून घेतला. वर ही हुशारी घरी येऊन मीच सांगितली, मूर्खासारखी. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही ताट बाजूला सारलंत. "मापाला फसवलंस व्हय? आन् थंड झाल्यावर त्यो शाफ्ट काय करंल?" त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एक साथ आली. चाकणच्या आमच्या कंपनीत गेटवर रोज कपाळासमोर तापाची बंदूक धरायचे. ताप निघाला की चौदा दिवस बिनपगारी घरी. म्हणून बसमधून उतरायच्या आधी आम्ही सगळे कपाळाला गार पाण्याची बाटली लावून बसायचो, हसायचोसुद्धा. माझा घसा खवखवत होता, अंग मोडून आलं होतं, तरी चार दिवस मी असाच आत गेलो. मग कंपनीला आठवडाभर शटडाऊन लागला आणि मी ठरवलं, आईला आणि पोरांना समुद्र दाखवायचा. वर्षभर सगळे कुरुळीच्या घरात कोंडलेले होते. बायको म्हणाली, "आत्ता नको हो, पेशंट वाढतायत." मी तिलाच वेड्यात काढलं.

निघायच्या सकाळी आईचा हात गरम लागतो. "जरा कसकस हाय," ती म्हणते, "पर चल. तुजे अण्णा नेतो नेतो म्हनत गेलं, तू तरी ने." मी गाडी सुरू करतो. ताम्हिणीत टपऱ्या बंद, रस्ता ओस. समोरून फक्त ॲम्ब्युलन्स येतात आणि धाकटी त्या मोजत बसते. पाचवीला बायको तिला गप्प करते. घाट उतरल्यावर नाका दिसतो, तिथेही तीच बंदूक. मी अलीकडेच गाडी कडेला घेतो, रुमाल गार पाण्यात भिजवतो आणि आईच्या कपाळावर ठेवतो. नाक्यावर आकडा सरळ येतो. पोलीस हाताने जा म्हणतो.

समुद्र तिने दुसऱ्या दिवशी खोलीच्या खिडकीतून पाहिला. "केवडं पानी रं," म्हणाली आणि तिला धाप लागली. तिथून आम्ही थेट दवाखान्यात आलो, नवव्या दिवशी ती गेली. तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. भाऊबंदांना मी सांगितलं की हॉटेलात लागण झाली. बायकोला खरं ठाऊक आहे. मला तिची भीती वाटते.

हे पत्र मी तुमच्या पेटीत मायक्रोमीटरखाली ठेवणार आहे. एक सांगायचं राहिलं. मी तो रुमाल ठेवला तेव्हा आईने डोळे मिटले. "बरं वाटतंय रं," म्हणाली, "लई जपतोस मला." अण्णा, मी तिला तसंच समजू दिलं. आणि नाका मागे पडल्यावर रुमाल काढून घेतला.