मॅचच्या दिवशीचा सूट

टोरांटो, रविवार

आई, तुझ्या दातपडक्या तारासचा नमस्कार.

आइस हॉकी सोडून महिना झाला. गुडघा आता कुरकुरत नाही.

काल दुपारी जेवून मॅचच्या दिवशी झोपायचो तसा झोपलो, चारला उठलो आणि मॅचला जाताना आम्हा खेळाडूंना घालावा लागायचा तो सूट-टाय चढवून गाडीची किल्ली शोधू लागलो. तुझी सून म्हणाली, "कुठे निघालात, नवरदेव?"

"मॅचला!"

दोघंही खूप हसलो. मग तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. खेळताना डोक्याला बसलेले मार तिच्या मनातून जात नाहीत; त्यांनी मी विसरायला लागलो की काय, अशी तिला भीती. नुसती सवय आहे गं, तू काळजी करू नकोस.

तुझी कंबर कशी आहे? नाताळात येतोय. अंगणात पाणी सोडून बर्फ धरू दे, मी खेळेन. अंधार पडला की पूर्वीसारखी खिडकीतून ओरड, "पुरे आता, घरात ये!" क्लबात निरोपाची भाषणं झाली, टाळ्या झाल्या, पण एवढं कुणी म्हटलंच नाही.

तुझाच,
तारास