पोथी वाचण्याचा शब्द

३ मे

मी, ओरेस्ते फान्तुक्की, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पाथरवटाचा, शिक्षण चौथी, संत रोक्को बंधुमंडळाचा यंदाचा अध्यक्ष, लिहून ठेवतो की : सणाच्या दिवशी मंडळाची जुनी लॅटिन नियमावली अध्यक्षाने चर्चमध्ये उभे राहून वाचावी, अशी रीत आहे. आजवरचे सर्व अध्यक्ष ती पाठ म्हणत आले. चामड्याची पोथी समोर केवळ शोभेला! ऐकून ऐकून मलाही ती येते. तथापि आज सभेत जाहीर केले — मी वाचणार.

नाझारेनो खानावळवाला, मागचा अध्यक्ष, खो खो हसला. "अरे ओरेस्ते, त्या पोथीतले अक्षर म्हणजे मुंग्यांचे वारूळ, पाद्रीबुवांनाही लागत नाही. म्हणून टाक आणि जेवायला ये!"

शब्द दिला आहे.

११ मे

बिशपांच्या दप्तरखान्यातील इलारियाबाई दर बुधवारी जुने हस्ताक्षर वाचायला शिकवणार. वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिला धडा : तेलकट कागद ठेवून अक्षर गिरवणे. अर्थ विचारावयाचा नाही!

८ जून

अपमान! प्रार्थनेचे पान घडाघडा वाचले. बाईंनी शांतपणे बोट ठेवले.

"काका, ही ओळ इथे नाहीच. लिहिणाऱ्याकडून राहिलीय. तुम्ही कुठून वाचलीत?"

लहानपणापासून चर्चमध्ये ऐकलेले लॅटिन! डोळ्यांच्या आधी जीभ धावते.

"आजपासून तुम्हाला प्रार्थना बंद. जुन्या खतपत्रांतल्या शेतांच्या हद्दी वाचा. त्या कोणाला पाठ नसतात."

२० जुलै

बायको डेल्फिना म्हणाली, "अहो, सूप निवलं. त्या ओकाच्या झाडापासून ओढ्यापर्यंत पोहोचलात का एकदाचे?"

पोहोचलो. स्वतःच्या डोळ्यांनी.

१६ ऑगस्ट, सण

वाचावयास उभा राहिलो. आवाज खणखणीत. मंडळी माना डोलावत होती. मग ध्यानात आले — पान उलटलेच नव्हते, आणि मी पुढच्या पानावरचे म्हणत होतो!

कोणालाही कळले नव्हते. थांबलो.

"बंधूंनो, हे मी वाचले नाही, पाठ म्हटले. आता पहिल्यापासून वाचतो."

"जेवण निवेल की!" मागून कोणी ओरडले.

एकेक अक्षर लावीत गेलो. बाके रिकामी होत गेली. मान वर केली नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी

नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. अखेरपर्यंत हजर साक्षीदार : पत्नी डेल्फिना, इलारियाबाई, आणि नाझारेनो — ऐन सणाला खानावळ बंद ठेवून, माझ्या पानावर मेणबत्ती धरून.