मालक, मोरी तुंबली

प्रिय शहाणे,

आधी बातमी, मग बाकीचं रडगाणं. काम मिळालं. त्या मोठ्या कंपनीच्या सगळ्या गोदामांना हातमोजे आता आमच्याकडून जाणार, आणि नाव आईचं, एकटीचं. सकाळी आईने त्यांचं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, 'चला, जाड दोरा मागवा.' एवढंच. मी मात्र मागच्या गल्लीत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

तुला फोनवर अर्धवट सांगितलं होतं, कारण मी इतका तापलो होतो की तू म्हणालीस, आधी पाणी पी. आता नीट सांगतो. कंपनीने ठरवलंय की थोडी खरेदी तरी बायकांनी किंवा अपंगांनी स्वतः चालवलेल्या छोट्या कारखान्यांकडून करायची. एरवी असल्यांना त्यांचा दरवान आत सोडत नाही. पण अट कडक आहे. नाव बायकोचं आणि कारभार नवऱ्याचा, असा प्रकार चालणार नाही. म्हणून त्यांच्या खरेदी विभागातल्या बाई स्वतः येऊन बघतात. मी म्हटलं, खुशाल येऊ देत. बाबा गेल्यावर आईने एका मशीनवर हा धंदा उभा केला. शिवणाऱ्या सगळ्या बायका. पुरुष म्हणशील तर मी आणि दारातला बोका.

पण तिथे मला सगळ्या 'मालक' म्हणतात, हे तुला माहीत आहे. का, ते मी कधी सांगितलं नाही. प्राध्यापकांशी भांडून कॉलेज अर्धवट सोडून आलो तेव्हा वाटत होतं, धंद्याला आता खरा माणूस मिळाला. आल्या आल्या कटिंगला उभा राहिलो. हातमोज्याचं कापड पसरताना एक थर सुलटा, एक उलटा घालायचा असतो, म्हणजे डाव्या-उजव्याची जोडी निघते. मी सगळे थर सुलटे घातले. निघाले ढीगभर डावे हात. कटिंगच्या मावशींनी ढिगाकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, 'एवढं नुकसान मालकालाच परवडतं गं बाई.' तेव्हापासून मी मालक.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा नेमकं हेच नडलं. आई सावकाश बोलते. विचारलेल्याची आधी मनात घडी घालते, मग उत्तर देते. मला तेवढा दम कुठला. बाईंनी आईला विचारायचं आणि उत्तर मी ठोकायचं. कापड कोण निवडतं, भाव कोण ठरवतं, सगळ्याला माझं 'आम्ही, आम्ही'. त्यात मावशींनी आतून हाक मारली, 'मालक, दोरा संपला.' बाईंनी विचारलं, मालक कोण? सगळ्या फिदीफिदी हसल्या आणि माझ्याकडे बोटं केली. पुढे कंपनीने कळवलं की कारखाना प्रत्यक्षात मुलगा चालवतो असं दिसतं, सबब विचार करता येत नाही.

माझं डोकं फिरलं. फोन उचलला, म्हटलं, यांना दाखवतोच. आईने तो हातातून काढून घेतला. म्हणाली, 'तू भांडलास की त्यांचं म्हणणं खरं ठरलं बघ.' मग तिनेच फोन लावला. पुन्हा एकदा या, या वेळी मी बोलेन, म्हणाली. आणि फोन ठेवून मला म्हणाली, 'तू जिभेला टाका घाल.'

घातला. दुसऱ्या भेटीत मी कोपऱ्यात जोड्या बांधत बसलो. आई बोलत होती, मध्ये थांबत होती, आणि प्रत्येक थांब्याला मी बांधलेली जोडी सोडून पुन्हा बांधत होतो. सगळं बरं चाललेलं, तेवढ्यात आतून मावशी ओरडल्या, 'मालक, मोरी तुंबली.' मशीनी एकदम थांबल्या. मी पांढराफटक. आईने मानसुद्धा वळवली नाही. म्हणाली, 'काठी दाराआड आहे.' मी पँट वर दुमडली आणि गेलो.

बाई माझ्या मागोमाग मोरीच्या दाराशी. माझा हात कोपरापर्यंत घाणीत. त्यांनी मावशींना विचारलं, 'हेच का तुमचे मालक?' झालं. मावशींनी डाव्या हातांची कथा मीठमसाला लावून सांगितली. बाई दाराला धरून हसल्या. मग डोळे पुसत आईला म्हणाल्या, 'आणि यांना कटिंगवरून काढलं कोणी?' या वेळी आईने घडीबिडी घातली नाही. म्हणाली, 'मी. त्याच दिवशी.' बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही गं. पोटच्या पोराला कामावरून उठवते, तिच्याहून मोठी मालकीण कुठली असते? मोरी मोकळी झाली, पाणी गडगडत गेलं, आणि माझ्या छातीतलंही काहीतरी त्याबरोबर वाहून गेलं.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, या रविवारी घरी आपला विषय काढणार आहेस, आणि तुझ्या बाबांना सांगणार आहेस की मुलाचा स्वतःचा कारखाना आहे, मालक आहे. वाचून हवेत गेलो होतो, खोटं कशाला बोलू. पण शहाणे, तसं सांगू नकोस. कंपनीच्या बाईंनी तेच वाक्य लिहिलं आणि आईची सगळी वर्षं पुसली जायची वेळ आली. तेच तू तुझ्या घरी, माझ्या प्रेमापोटी करू नकोस. सांग की मुलगा आईच्या कारखान्यात कामाला आहे, माल पोचवतो, तापट आहे, कॉलेज पुरं केलेलं नाही, आणि कटिंगला परत घेतील का हे मालकिणीच्या हातात आहे. बाबा नाही म्हणतील कदाचित. ते ऐकताना माझं काय होईल ते मलाच माहीत. पण निदान ते ज्याला नाही म्हणतील, तो मीच असेन. आणि हो म्हणाले, तर बघायला घेऊन ये त्यांना. फक्त मावशींची हाक आली तर दचकू नका.

तुझाच, आणि आईचा पगारी,
डावखुरा