वाटीचा तिसरा हिस्सा

हिंगणघाट, ८ फेब्रुवारी १९७९, गुरुवार

अंगात त्राण नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सासूबाईंना साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं, एका वेळी पन्नास ग्रॅम तांदूळ. घरात तराजू कुठला? वाण्याकडे आपली वाटी नेली, तांदूळ जोखून घेतले. भरल्या वाटीत दीडशे ग्रॅम. म्हणजे तिसरा हिस्सा. आठ दिवस त्यांना तेवढाच भात वाढला, वाटीचा तिसरा हिस्सा.

आज औषध आणायला गेले, वाटीचा तिसरा हिस्सा भात वाढते म्हणून सांगितलं, तर कंपाउंडर म्हणाला, "ते वजन कच्च्या तांदळाचं आहे, बाई. शिजल्यावर वाटीभर होते."

तिथेच बाकावर बसले. शाळेत गणित शिकवते मी! भात फुगतो, एवढं कसं सुचलं नाही?

संध्याकाळी वाटीभर वाढला तर त्या घाबरल्याच. "एवढा काऊन वाढला वं? डॉक्टर रागावन."

चूक माझी, म्हणून सांगितलं. आठ दिवस अर्धपोटी राहिलात, मागितला का नाही?

"मले वाटलं, घरातले तांदूळ सरत आले असन. लेकरायले पुरले पाह्यजे."

मग सावकाश जेवल्या. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.