अस्सल हवाईयन, शक्यतो स्वस्त

सोमवार, ३ फेब्रुवारी

लेकीचा व्हिडिओ कॉल. आमचे व्याही नातीला मांडीवर घेऊन माउथ ऑर्गन वाजवत होते. वाजवतात कसले, चोखतात. मधेच ते वाद्य तळहातावर आपटून आतली थुंकी झटकली. ती कुठे उडाली ते दिसलं नाही, पण नात तिकडेच बघून हसली. मला जेवण गेलं नाही.

एप्रिलमध्ये लेक नातीला घेऊन महिनाभर राहायला येणार आहे. बायकोने विचारलं, मग तुम्ही काय करून दाखवणार तिला. तो टोमणा होता हे मला हात धुताना कळलं.

निश्चय: वाद्य शिकायचं. तोंडाने वाजवायचं नको, कारण उघड आहे. तबला नको, खालचे लोक भांडकुदळ. युकुलेली ठरली. गिटारीचं पिल्लू. तारा चार, बोटं पाच, म्हणजे एक बोट शिल्लकच राहतं. अट एकच: अस्सल हवाईयन, नीट बनवलेली आणि परवडणारी. यात अवघड काय आहे?

गुरुवार, ६ फेब्रुवारी. ऑफिसात

पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक लॉट तपासायचा होता. तो नापास करून मोकळा झालो आणि नेटवर वाचत बसलो. अस्सल युकुलेली कोआ नावाच्या लाकडाची. ते झाड हवाईतलं. युकुलेली या नावाचा अर्थ तिकडे उड्या मारणारी पिसू असा होतो म्हणे. हे वाचल्यापासून पाठ खाजते आहे.

तिकडच्या एका कारागिराची किंमत पाहिली. आधी वाटलं, त्याचा फोन नंबर आहे. लूट आहे सगळी. पण गुणवत्ता तपासनीस म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाला असं कुणी गुंडाळू शकत नाही. चांगला माल रास्त भावात कुठेतरी पडलेला असतोच. फक्त डोळा पाहिजे. तो आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

वाद्यांच्या दुकानात. बायको बरोबर. दुकानदार कपाटाच्या किल्लीने कान कोरत होता. त्याच किल्लीने कपाट उघडलं, त्याच हाताने युकुलेली दिली. मी रुमालात धरली. भोकातून मोबाईलचा टॉर्च मारला. आत फेविकॉलचे ओघळ, सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखे. लाकूड प्लाय. दुकानदार म्हणाला, साहेब, शिकणाऱ्याला प्लायच बरं, हवा पालटली तरी तडकत नाही, आणि ही सुरात बसते. म्हणजे प्लाय आहे हे स्वतःच कबूल केलं. मी म्हटलं, नापास. त्याने विचारलं, तुम्हाला वाजवता येते का. मी म्हटलं, तो प्रश्न वाद्य पास झाल्यावर.

बाहेर बायको म्हणाली, आवाज गोड होता हो. तिला दारावरची बेलही गोड वाटते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ऑनलाइन मागवलेली आली. ‘हवाई स्टाइल’. स्टाइल हा शब्द मागवताना चष्म्याबाहेर राहिला होता. वर नारळाच्या झाडाचं स्टिकर, खाली रॉकेलसारखा वास. पट्टीवर हात फिरवला तर तिच्यात बसवलेल्या आडव्या पितळी तारेच्या कडेने बोट कापलं. रक्त. बायकोने हळद लावली आणि खोक्यातलं बिल वाचायला घेतलं, हे जास्त लागलं.

परत पाठवली. खोकं मात्र अप्रतिम होतं. कोपरे काटकोनात, घडी स्वच्छ. उलटं करून पाहिलं तर आमच्याच कारखान्याचं. गेल्या आठवड्यात मी नापास केलेला लॉट. असो.

रविवार, २३ फेब्रुवारी

सापडली.

दातांचे एक निवृत्त डॉक्टर. भावाने खुद्द हवाईहून आणलेली, जुनी, विकायची आहे अशी जाहिरात. घरी गेलो. घरात मांजरं, सोफ्यावर केस, चहाच्या कपातही केस. डॉक्टरांनी पलंगाखालून युकुलेली ओढली. चिकट. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. उलटी केली तेव्हा भोकातून मेलेलं झुरळ बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले, किती वाळलंय बघा, म्हणजे आत ओल नाही. माणूस अभ्यासू.

टॉर्च मारला. आत लेबल: होनोलुलू. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. घासाघीस केली. डॉक्टर इतक्या पटकन उतरले की वाईट वाटलं. त्यांना बिचाऱ्यांना किंमतच माहीत नव्हती. घरी आल्यावर बायकोने ती बाल्कनीत ठेवायला लावली आणि मला आंघोळीला पाठवलं.

रविवार, २ मार्च

ओल्या फडक्याने आतून पुसताना लेबल सुटून हातात आलं. खाली दुसरं लेबल होतं. बिस्किटांच्या कुठल्याशा कंपनीचं. लकी ड्रॉ, तिसरं बक्षीस.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, भाऊ हवाईला गेला होता हे खरंच आहे, लेबल त्याने तिथूनच आणलंय. फोन ठेवला. शिसारी आली. माणसाने दात तरी खरे काढले असतील का?

शनिवार, ८ मार्च

बायको म्हणाली, अस्सल मिळेपर्यंत हिच्यावर शिका. मी समजावलं की हलक्या वाद्यावर बोटांना वाईट वळण लागतं. ती म्हणाली, आत्ता कुठलं वळण आहे. शेवटी तिच्या समाधानासाठी वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंकडे गेलो. त्यांनी दोन तारा छेडून विचारलं, यातली चढी कुठली. मी म्हटलं, दोन्ही सारख्याच. त्यांनी पुन्हा छेडल्या. मी म्हटलं, आता पहिली, मघाशी दुसरी. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. शिकवण्याची हातोटी नाही.

गुरुवार, २० मार्च

एक कॉर्ड आला, म्हणजे चारही तारा एकदम छेडून निघणारा सूरमेळ. सी. एकाच बोटात होतो. बाई म्हणाल्या, तार उतरली आहे, आधी ती लावून घ्या. मी म्हटलं, तिसऱ्या बक्षिसावर किती मेहनत घ्यायची? बाईंनी शिकवणी बंद केली. प्रकृतीचं कारण दिलं. कोणाच्या, ते सांगितलं नाही.

अस्सल वाद्याचा शोध चालू. तोवर सी पुरेसा आहे. बाकीचे कॉर्ड याचेच नातेवाईक असणार.

शनिवार, ५ एप्रिल

लेक, जावई, नात आले. नातीने मला पाहून टाहो फोडला. लेक म्हणाली, बाबा, मनावर घेऊ नका, ती अनोळखी माणसाला बघून रडतेच. मी सख्खा आजोबा. कडेवर घेतल्या क्षणी तिने माझ्या खांद्यावर दूध ओकलं. ते कॉलरच्या आत उतरलं. व्याह्यांकडे ती असं करत नाही, ही माहिती जावयाने आपण होऊन दिली.

बुधवार, ९ एप्रिल. दुपारी

हे सावकाश लिहितो आहे, हात अजून बधिर आहे.

नात जेवणानंतर झोपेना. लेकीने थोपटलं, बायकोने अंगाई म्हटली, जावयाने व्याह्यांच्या माउथ ऑर्गनचं रेकॉर्डिंग लावलं, त्यावर ती आणखी किंचाळली. मला बरं वाटलं. लेक रडवेली होऊन म्हणाली, चार रात्री डोळ्याला डोळा नाही बाबा, मी काय करू. तिचा चेहरा बघवेना. बाल्कनीतून तिसरं बक्षीस आणलं आणि सी वाजवला. पुन्हा सी. पुन्हा सी. नात थांबली. माझ्याकडे बघितलं. डोळे मिटले.

थांबलो की चुळबुळते, म्हणून थांबलो नाही. एकदा शिंक आली, तीही वाजवता वाजवताच दिली. तासाभराने मान वर केली तर लेकही शेजारी झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. बायको दारात उभी होती. म्हणाली, दमलात ना, पाणी आणू?

हे व्याह्यांना कसं कळवावं याचा विचार करतो आहे. मीच सांगणं बरं दिसणार नाही.

शनिवार, १२ एप्रिल

कळवायची गरज पडली नाही. त्या दुपारी जावयाने ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आता नातीच्या उशाशी मोबाईल लावतात आणि ती झोपते. रोज. मी आत डोकावलो तर लेक तोंडावर बोट ठेवते, म्हणून डोकावत नाही. दुपारी मला डायपर आणायला पाठवतात. आज मापही चुकलं, परत जावं लागलं.

रेकॉर्डिंग व्याह्यांनाही पाठवलं. त्यांचा फोन आला. फारच गुणकारी आवाज आहे म्हणाले, तुमचं वॉशिंग मशीन कुठल्या कंपनीचं?

जावयाने खुलासा केला नाही. मला बाजूला घेऊन त्याने हळूच विचारलं, बाबा, मधे तुमची शिंक आहे, तिथे ती दचकते, तेवढी काढून टाकली तर चालेल ना?

चालेल म्हटलं.