जाळीमागचा आवाज

मँचेस्टर,
बुधवार, १४ सप्टेंबर १९८८

प्रिय वैजू,

तू बरी असशील, काका-काकूही मजेत असतील. मीही ठीक. आठवडाभर वेअरहाउसमध्ये खोकी भरतो, शनिवारी बेसबॉल. मेडिकल अर्धवट सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आईकरवी निरोप येतो. परवाचा निरोप: "डॉक्टर व्हायचं सोडून राउंडर्स खेळतोय. मुलींचा खेळ!" बेसबॉल आणि इथल्या शाळांतल्या मुलींचं राउंडर्स त्यांना सारखंच. घरी गणपती बसलेत. मी गेलो नाही.

बातमी म्हणजे, मी लीगचं रेकॉर्ड मोडलं. एका सीझनमध्ये इतके बॅट्समन बाद करणारा पिचर या लीगमध्ये झाला नाही, असं लोकल पेपरने फोटोखाली छापलंय. फोटोत मी मागे बघतोय. फोटोग्राफर वैतागला होता.

चेंडू फेकायला हात उचलला की तुझा आवाज येतो. पाठीमागून, आमच्या बाकामागच्या जाळीतून. "यशो." तो पोचायच्या आत चेंडू सुटावा म्हणून मी आणखी जोरात फेकतो. कॉलिन, आमचा कॅचर, सुजलेला तळवा दाखवून विचारतो, "खातोस काय रे?" टाळ्या पडतात. मी वळून बघतो. जाळीमागे कुणी नसतं. हल्ली वेअरहाउसमध्ये ट्रॉली खडखडली तरी मान वळते.

तुझा रागच आला होता, खरं सांगतो. जुलैतल्या त्या मॅचला मधेच यायचं काय अडलं होतं? तुला मी सांगितलं होतं: समोरच्या टीमला एकही चेंडू धड मारता आलेला नसला की पिचरशी कुणी बोलत नाही. बाकावरही लांब सरकून बसतात. बोललं की नजर लागते म्हणे. आणि तू लेस्टरहून येऊन थेट जाळीत बोटं अडकवून उभी! सगळे तुझ्याकडे बघत राहिले. मी ग्लव्हकडे. मॅच संपेपर्यंत थांबता आलं नसतं तुला?

नसतं. तुझी लेस्टरची बस सुटणार होती. आणि घरी पोचल्यावर उत्तर द्यायचं होतं.

मी सगळ्यांना सांगितलं, गोंगाटात काही ऐकू आलं नाही. तुलाही फोनवर तेच सांगणार होतो. काकूंनी उचलला, मी ठेवून दिला.

सगळं ऐकू आलं होतं, वैजू. "बाबांनी स्थळ आणलंय. हो सांगू की नाही सांगू? एवढंच बोल."

नियमाचं म्हणशील, तर तो कॉलिननेच मोडला. कोपराने ढोसत म्हणाला, "गाढवा, बोल तिच्याशी! मॅच गेली खड्ड्यात." तरी मी गप्प. कारण पुढचा प्रश्न काकांचा आला असता: मुलगा करतो काय? अंपायरच्या अंगावर धावून जाणारा मी, त्या एका प्रश्नाला टरकलो. तू जाळीतून एकेक बोट सोडवून घेतलंस. त्यानंतर आलेला प्रत्येक बॅट्समन मी बाद केला.

तुझ्या सुनीतीताईचा फोन आला होता. शनिवारी साखरपुडा, बेलग्रेव्ह रोडवरच्या हॉलमध्ये. "ती काही रडतबिडत नाहीये हं," म्हणाली, "उगाच हवेत राहू नकोस." त्याच शनिवारी आमची फायनल. मी खेळत नाही. कॉलिनने आधी आईबहिणीवरून शिव्या घातल्या, मग जाऊन लेस्टरच्या बसचं टाइमटेबल बघून आला.

पहिल्या गाडीने येतो. आत बोलावू नकोस, फुटपाथवर उभा राहीन. काकांना विचारू दे काय विचारायचं ते. खोकी भरतो म्हणेन, दुसरं काय म्हणणार? हॉल ठरलाय म्हणजे तू हो म्हटलंच असशील, तेवढं मला कळतं. पण तू आधी मला विचारलं होतंस.

नाही सांग, वैजू.

बोलायला फार उशीर केलेला,
यशो